‘पानी लगा लिया होगा’

टॅटू पिकला, सुजला, किंवा त्यातला एखादाच रंग कातडीवर उठून आला, की इकडे उज्जैनमध्ये दुकानातून पहिले वाक्य ऐकू येते ते हे : पानी लगा लिया होगा. पाठोपाठ आणखी दोन येतात, धूप में निकले होंगे आणि खुजाया होगा. सुई कुठली होती, शाई कुठून आली, हातमोजे मधेच बदलले होते का, यांतल्या कशाचाही उल्लेख त्यांत नसतो. माझ्यावर काय गुदरले ते मी इथे सांगणार नाही आणि कुठल्या दुकानात तेही नाही, कारण हकिकत ऐकली की लोक हळहळतात आणि विसरून जातात. राग मात्र अजून आहे आणि तो या लिखाणात दिसेल. मला मांडायचे आहे ते असे : टॅटूनंतर जे बिघडते त्यातले बरेचसे सुई टेकण्याआधीच ठरून गेलेले असते, आणि ते ठरवणे गिऱ्हाइकाच्या हातात नसते. त्यामुळे काळजीच्या सूचनांचा एक कागद हातात ठेवून पुढची सगळी जबाबदारी त्याच्या अंगावर टाकणे हा अन्याय आहे. आणि हा अन्याय कुठला कायदा अडवत नाही, म्हणून आधी काय पाहायचे आणि नंतर काय करायचे हे आपण स्वतःच शिकून घेतले पाहिजे.

मुळात टॅटू कातडीवर काढत नाहीत, कातडीत भरतात. वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. शाई तिथेच राहिली असती तर महिन्याभरात उतरली असती. म्हणून मशीनची सुई तो थर भेदून एक ते दोन मिलिमीटर खाली, जिथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आहेत त्या थरात, शाई सोडते, आणि हे एका मिनिटात हजारो वेळा होते. शरीराला ती शाई म्हणजे घुसलेला परका पदार्थ वाटतो. भक्षक पेशी धावून येतात, शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की या पेशी मेल्या की त्यांच्यातली शाई बाहेर पडते आणि नव्या पेशी तीच पुन्हा गिळतात. टॅटू टिकतो तो असा. काही कण लसिकेबरोबर वाहत जाऊन काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींत साठतात. हे सगळे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. सांगायचे ते एवढेच, की शाई शरीराच्या कुंपणाच्या आत जाते आणि आतच राहते. जी वस्तू आत जाते तिच्या शुद्धतेची कसोटी इंजेक्शनची असायला हवी, नेलपॉलिशची नव्हे.

ती कसोटी लावली जात नाही याचा माझ्या माहितीतला सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११ च्या अखेरीस टॅटू काढून घेतलेल्या लोकांच्या कातडीवर लालसर पुरळ आणि गाठी उठल्या. एकूण १९ जण निघाले. सगळ्यांचे टॅटू एकाच कलाकाराने काढलेले, आणि पुरळ होती ती फक्त राखाडी छटा भरलेल्या जागी. काळी शाई पाण्याने पातळ केली की राखाडी होते. या प्रकरणातली राखाडी शाई कंपनीकडून तयारच आली होती, आणि तपासात मायकोबॅक्टेरियम केलोनी नावाचा, पाण्यात राहणारा जंतू तिच्या न उघडलेल्या बाटलीतही सापडला. शाई पातळ करताना वापरलेले पाणी डिस्टिल्ड होते, निर्जंतुक नव्हते. डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक असा पुष्कळांचा गैरसमज आहे. आता विचार करा. त्या १९ जणांना सुरुवातीलाच कुणी सांगितले असते, की तुम्ही पाणी लावले असेल, तर एकेकट्याने ते खरे मानले असते, कारण अंघोळ कुणी टाळलेली नसते. ते एकत्र मोजले गेले म्हणून सत्य बाहेर आले. आपल्याकडे कुणी मोजत नाही. उज्जैनच्या फ्रीगंजातला एक, नानाखेड्यातला एक, देवासचा एक, असे सुटे सुटे लोक आपापल्या घरी बसून आपल्याच निष्काळजीपणाला दोष देत मलम चोळतात.

कायद्याची स्थिती पाहिली तर हा एकटेपणा अधिकच जाणवतो. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर बंदी किंवा मर्यादा आणली. एक निळे आणि एक हिरवे रंगद्रव्य वर्षभराने त्यात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दूषित शाईबद्दल वेळोवेळी इशारे दिले आणि कंपन्यांनी बाटल्या परत मागवल्या. आपल्याकडे टॅटूचे दुकान उघडायला देशपातळीवर वेगळा परवाना लागत नाही, कलाकाराला ठरावीक प्रशिक्षणाची सक्ती नाही. २०२५ मध्ये कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले, की त्यांच्या राज्यात तपासलेल्या शाईच्या नमुन्यांत आर्सेनिक, क्रोमियम, सेलेनियम अशा २२ धातूंचा अंश आढळला, आणि शाईसाठी मानके ठरवावीत म्हणून आपण केंद्राला लिहिणार आहोत. म्हणजे मानके नाहीत हे एका राज्याचा मंत्रीच सांगतो. ज्या देशात बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापलेले असतात, तिथे जन्मभर अंगात राहणाऱ्या रंगाची बाटली न दाखवता टोपणात शाई ओतली जाते, आणि विचारले तर ‘इम्पोर्टेड है’ हे उत्तर पुरेसे मानले जाते. मला या दोन शब्दांचा जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. आयात केलेली म्हणजे कुठली, कोणत्या बॅचची, केव्हा उघडलेली? खोटी लेबले लावलेली शाई ऑनलाइन मिळते हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

यावर आपल्या मराठी घरांतून हमखास येणारा आक्षेप असा, की आजीच्या कपाळावर गोंदण होते, हातावर तुळस होती, हनुवटीवर ठिपका होता. तिला काही झाले नाही. मला या आक्षेपाबद्दल आदर आहे, कारण गोंदणामागे नेम होता. कुठे गोंदायचे, काय गोंदायचे, केव्हा, हे ठरलेले असे. आपल्या मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरीच्या बैगा स्त्रियांचे गोदना आजही बादी समाजाच्या बायका गोंदतात आणि प्रत्येक आकृतीला तिथे अर्थ आणि जागा आहे. पण ‘काही झाले नाही’ हे आपल्याला कसे कळले? काविळीच्या ‘बी’ विषाणूचा छडा लागला १९६० च्या दशकात, ‘सी’चा १९८९ मध्ये, आणि भारतात एचआयव्ही पहिल्यांदा आढळला १९८६ मध्ये. त्याआधी एकच सुई दहा बायकांना वापरली गेली आणि त्यातली एखादी वीस वर्षांनी यकृताच्या आजाराने गेली, तर तो संबंध जोडणारे कुणी नव्हते. शिवाय गोंदणाचा रंग म्हणजे काजळी, ठिपके मोजके. आज खांद्यापासून मनगटापर्यंत पसरलेल्या चित्रात लाल, पिवळा, हिरवा, पांढरा असतो, आणि या रंगांची रसायने आजीच्या काजळीशी नाते सांगत नाहीत. अॅलर्जी सर्वांत जास्त होते ती लाल रंगाची. तो भाग फुगतो, खाजतो, आणि हे टॅटू झाल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होऊ शकते. परंपरेचा दाखला द्यायचा तर परंपरेतला संयमही घ्यावा लागेल.

दुसरा आक्षेप दुकानदारांचा, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, लोक खरेच काळजी घेत नाहीत. हे काही अंशी खरे आहे. टॅटू ही दोन ते चार आठवडे उघडी राहणारी जखम आहे, आणि या शहरात ती बिघडवायच्या वाटा खास आपल्या आहेत. बाहेरगावचा भाविक महाकालाच्या दर्शनाला येतो, वाटेवर त्रिशूळ काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रामघाटावर शिप्रेत बुडी मारतो. इंदूरकडून कान्ह नदी काय घेऊन शिप्रेला मिळते हे इथल्या माणसाला सांगायला नको. श्रद्धा आपल्या जागी, पण ताज्या टॅटूवर नदीचे, तलावाचे, जलतरण तलावाचे पाणी निदान तीन-चार आठवडे नको. आधी स्नान, मग टॅटू, हा क्रम ठेवता येतो. रंगपंचमी तोंडावर असताना टॅटू काढू नये, माळव्यात ती कशी खेळतात ते आठवा. घरच्यांनी प्रेमाने लावलेली हळद, खोबरेल, तुरटी, भस्म यांतले काहीही नको. साध्या वासविरहित साबणाने हलक्या हाताने दिवसातून दोनदा धुवायचे, स्वच्छ कपड्याने टिपायचे, मलमाचा अगदी पातळ थर द्यायचा. जाड थराखाली ओल कोंडते. खपली ओढायची नाही, खाज आली तर खाजवायचे नाही. एप्रिल-मेच्या उन्हात सैल सुती बाही, आणि जखम पूर्ण भरल्यावर सनस्क्रीन. पण इथेच दुकानदारांचा युक्तिवाद त्यांच्यावर उलटतो. पाणी लागणारच आहे. धुवायला ते स्वतःच सांगतात. नळाचे पाणी लागल्याने पिकेल अशी जखम करून देऊन वर पाण्याला दोष देणे हा कुठला न्याय?

आणि दोष कुणाचा हे ओळखायच्या खुणा असतात. पहिले दोन-तीन दिवस लाली, किंचित सूज, पारदर्शक स्राव हे चालते. लाली रेषांच्या बाहेर पसरत गेली, जागा गरम लागली, दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पू आला, ताप आला किंवा तांबडी रेघ वर सरकू लागली, तर तो संसर्ग आहे आणि त्याच दिवशी डॉक्टर हवा. असा संसर्ग दुकानातला असू शकतो, घरचाही असू शकतो. मी न्यायाने बोलते आहे. पण टॅटू छान भरून आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एकाच छटेत बारीक गाठी उठल्या आणि बाकीचे चित्र स्वच्छ राहिले, तर पाण्याकडे बोट दाखवणे बुद्धीला धरून नाही. पाणी काही रंग निवडून बसत नाही. अशा वेळी संशय पहिल्यांदा शाईवर किंवा ती पातळ करायला वापरलेल्या पाण्यावर घ्यायचा. आपल्याकडे साधे आरओचे किंवा बाटलीतले पिण्याचे पाणी वापरले जाते. पिण्यायोग्य पाणी टोचण्यायोग्य नसते. ही ओळ मी दुकानांच्या भिंतींवर लिहून ठेवायला सांगेन.

आता त्यांच्या वागण्याबद्दल, कारण खरी चीड तिथे आहे. टॅटू पूर्ण झाला की लगेच, कातडी लाल आणि तुकतुकीत असताना, फोटो घेतला जातो. तोच फोटो पुढे जाहिरात होतो. त्याच वेळी पाच तारे द्यायला सांगितले जाते, जखम भरायची असताना. महिन्याभराने टॅटू कसा दिसतो याची चौकशी करणारा विरळा. तक्रार घेऊन गेलात तर आवाज बदलतो. आधी तुमची त्वचाच तशी असते, मग तुमचे खाणे, मग तुमच्या घरातली धूळ. शेवटी मोठ्या मनाने देऊ केला जातो तो फुकटचा टच-अप. हा टच-अप सर्वांत धोक्याचा आहे. जिथे संसर्ग किंवा अॅलर्जी आहे तिथे पुन्हा सुई घालायची आणि पुन्हा तीच शाई भरायची, हा उपाय नव्हे, आजाराला दिलेली दुसरी मात्रा आहे. डॉक्टरने जागा पूर्ण बरी आहे असे सांगेपर्यंत टच-अपला बसू नका, कितीही गोड बोलोत. आणि तो इंग्रजीतला फॉर्म, ज्यावर खुर्चीत बसल्यावर सही घेतात : काहीही झाले तरी जबाबदारी माझी. त्या सहीने दुकानाचा निष्काळजीपणा पुसला जात नाही. सेवेतली त्रुटी ती त्रुटीच राहते, मग सही असो वा नसो. तरीही फॉर्म घरी नेऊन वाचायला मागा. नाही म्हणाले तर उत्तर मिळाले.

दुकानात शिरल्यावर काय पाहायचे? काचेचे दार, एसी आणि भिंतीवरची प्रमाणपत्रे यांना मी काडीची किंमत देत नाही. टॉवर चौकातल्या थंडगार दुकानातही शाई तीच असू शकते जी कार्तिक मेळ्यात जमिनीवर बसलेल्याकडे असते. सुई किंवा कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडले पाहिजे आणि पाकिटावरची मुदत तुम्ही वाचली पाहिजे. बहुतेक जण इथेच थांबतात, पण सुई नवी असली म्हणजे झाले असे नाही. सुईमागची पकड, मशीन, तिची वायर, शाईची टोपणे, दाढीचे पाते, हे सगळे मागच्या माणसाच्या रक्ताला लागलेले असू शकते, आणि काविळीचा ‘बी’ विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो. मशीन आणि वायर प्लास्टिकच्या ताज्या आवरणात आहे का, टोपणे नवी आहेत का, उरलेली शाई परत बाटलीत ओतत तर नाहीत ना, ते पाहा. पुन्हा वापरायची पकड असेल तर ऑटोक्लेव्ह विचारा. १२१ अंश तापमानाची दाबाखालची वाफ पंधरा मिनिटे, याला निर्जंतुकीकरण म्हणतात. निळा दिवा लावलेली पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. हातमोजे घातलेला हात मोबाइलला लागला की ते हातमोजे संपले. बदलायला सांगा, लाजू नका. व्हॅसलिनच्या एकाच डब्यात बोट बुडवून सगळ्यांना लावतात त्याकडे फार कुणाचे लक्ष जात नाही. स्टेन्सिल चिकटवायला फिरवली जाणारी डिओडरंटची कांडीही तीच असते. आणि त्यांच्या कामाचे ताजे फोटो पाहू नका, वर्षभर जुन्या टॅटूंचे पाहा. बारीक रेषा कशा पसरल्या, अक्षरे एकमेकांत मिसळली का, हे तिथेच कळते. देवनागरीत काही लिहून घेणार असाल तर वेलांट्या-उकार दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दल वेगळे सांगते, कारण ते फार सहज लावले जाते. त्यात लिडोकेनसारखे औषध असते. मोठ्या भागावर, वरून प्लास्टिक गुंडाळून, तासभर ठेवले तर ते रक्तात जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकते, झटके आणू शकते. टॅटूसाठी विकल्या जाणाऱ्या अशा तीव्र मलमांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये इशारा दिला होता. ज्याच्या नळीवर घटक आणि प्रमाण छापलेले नाही ते मलम नाकारा. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, गरोदरपण असेल, जुन्या जखमांचे जाड वण उठत असतील, सोरायसिस किंवा कोड असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. शेवटच्या दोन आजारांत सुईने दुखावलेल्या जागीच नवा चट्टा उठू शकतो. हिपॅटायटिस-बीची लस मोठ्यांनाही घेता येते, सहा महिन्यांत तीन मात्रा. देशभरात ती बाळांना नियमित मिळू लागली अलीकडे, २०११ च्या सुमारास, त्यामुळे आजचे बहुतेक तरुण ‘लहानपणी सगळ्या लशी झाल्यात’ म्हणतात त्यात ती असेलच असे नाही. पोट भरलेले असू द्या, झोप झालेली असू द्या, दारू पिऊन जाऊ नका.

जागा निवडण्याबद्दल दुकानदार कधी बोलत नाही, आणि या शहरात तर बोललेच पाहिजे, कारण सकाळी मैदानावर धावणारी आणि दुपारी कोचिंगला बसणारी मुलेच संध्याकाळी हातावर महाकाल लिहून घेतात. सैन्यभरतीच्या नियमांत कायमचा टॅटू फक्त कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या पाठीवर चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेपुरती वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे नियम अधिक कडक : नाव किंवा धार्मिक चिन्ह चालते, पण हाताच्या आतल्या बाजूला आणि तेही डाव्या, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो; आकार त्या अवयवाच्या पाव भागाहून कमी. म्हणजे देवाच्या नावाला हरकत नाही, उजव्या हाताला आहे. सोलापूरच्या एका तरुणाला उजव्या हातावरच्या धार्मिक टॅटूपायी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नाकारले होते. त्याने लेझरने तो बराचसा काढूनही उच्च न्यायालयात जावे लागले, आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल चांगला, पण प्रत्येक मुलाने नोकरीसाठी न्यायालय गाठावे का? ज्या भरतीला बसायचे तिची ताजी जाहिरात वाचूनच जागा ठरवा. रक्तदानाचेही लक्षात ठेवा : टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही. घरात कुणाचे मोठे ऑपरेशन ठरलेले असेल तर थांबा.

‘नाही आवडला तर लेझरने काढू’ हे वाक्य दुकानात उगाच पेरले जाते. लेझर शाईचे कण फोडतो, मग शरीर ते हळूहळू वाहून नेते. म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि बैठका पुष्कळ लागतात. काळा रंग सर्वांत आधी जातो, हिरवा आणि आकाशी चिवट असतात, आणि पांढरा किंवा कातडीच्या रंगाचा भाग लेझरने उलट काळा पडू शकतो, कारण त्यातल्या टायटॅनियम आणि लोहाच्या संयुगांचे रूप बदलते. आपल्या सावळ्या कातडीचे स्वतःचे रंगद्रव्यही लेझर ओढून घेते, त्यामुळे फिकट डाग किंवा काळपटपणा मागे राहण्याची भीती गोऱ्या माणसाहून आपल्याला अधिक. खर्च टॅटूच्या कित्येक पट. आणि लाल रंगाची अॅलर्जी असताना त्यावर लेझर मारला तर ते कण अंगभर पसरून प्रतिक्रिया वाढू शकते, हे तर सांगतच नाहीत.

बिघडलेच, तर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावू नका. लाली दबते आणि आतला जंतू वाढतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आगर रोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा विभाग आहे, आणि फ्रीगंजातच माधवनगरचे सरकारी रुग्णालय आहे, तिथून पुढची वाट तरी कळेल. गाठी असतील तर तुकडा काढून तपासायला आणि मायकोबॅक्टेरियाचे कल्चर करायला सांगा. नेहमीची प्रतिजैविके त्या जंतूवर चालत नाहीत. वेगळी औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात, आणि हे निदान लांबते ते आपण टॅटूचा उल्लेख करत नाही म्हणून. सुई वापरलेली होती असा दाट संशय असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयातले एचआयव्ही समुपदेशन केंद्र गाठा, प्रतिबंधक औषधे मिळतात. १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वाराणसीत २०२२ मध्ये स्वस्त टॅटूनंतर तरुणांना एचआयव्ही झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या पूर्ण खऱ्या होत्या की नव्हत्या यावर वाद घालण्यापेक्षा तपासणी करून घेणे सोपे. लगेचची चाचणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा, आणि काविळीच्या बी-सीसाठी सहा महिन्यांनी. ‘सी’ आज औषधाने बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात उपचार फुकट आहेत.

तक्रार करायची असेल तर पहिल्या दिवसापासून रोज त्याच उजेडात फोटो काढून ठेवा, संदेश पुसू नका, डॉक्टरच्या चिठ्ठ्या जपा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, वकील लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. अडचण एकच, पावती. इंचाच्या हिशेबाने घासाघीस होते आणि पैसे फोनवरून कुणाच्या तरी खाजगी नावावर जातात, मग दुकान म्हणते हे आमचे गिऱ्हाईक नव्हेच. चांगले कलाकार या शहरात आहेत, मी ते नाकारत नाही. त्यांचे मोल ढिसाळ लोकांमुळे घटते, म्हणून त्यांनीही ही मागणी लावून धरली पाहिजे. २०१६ च्या सिंहस्थात घाटांवर काय गर्दी होती ते आपण पाहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंदिरालगतचे महाकाल लोक खुले झाल्यापासून ती वर्षभराची झाली, आणि पुढचा सिंहस्थ २०२८ चा आहे. त्याआधी नगरपालिक निगमने मेळ्यात खाद्यपदार्थांच्या ठेल्यांची तपासणी करतात तशी टॅटूच्या मशीनची करावी, वापरलेल्या सुया टाकायला बंद डबा सक्तीचा करावा, अठराच्या आतल्या मुलांना टॅटू काढायला बंदी घालावी. आणि एवढे व्हायच्या आधी, आजच, प्रत्येकाने एक गोष्ट मागावी : पावती, आणि त्या पावतीवर शाईचे नाव, बॅच क्रमांक, बाटली उघडल्याची तारीख आणि सुईच्या पाकिटावरचा लॉट क्रमांक. द्यायला नकार मिळाला तर आगाऊ दिलेले पैसे सोडून उठा.